करड्या पाटीची चौदा अक्षरं

भूपाल पेंटरच्या दुकानात ब्रश हातात पडायच्या आधी एक परीक्षा द्यावी लागायची, आणि ती हाताची नव्हे, डोळ्याची असायची. जयसिंगपूरच्या स्टेशन रोडवर पत्र्याचं शेड, दारातच टर्पेंटाइनचा वास, आणि आतल्या भिंतीला टेकवून ठेवलेली छातीइतकी उंच, वीतभर रुंद पत्र्याची पाटी. सगळी करडी. तिच्यावर एकाखाली एक चौदा अक्षरं. सगळ्यांत वरचा 'अ' काळाकुट्ट. खाली येईल तसा प्रत्येक अक्षरात काळा थोडा कमी, करडा थोडा जास्त. चौदावा 'प' तर मागच्या करड्यात असा मिसळलेला, की नवखा माणूस हमखास विचारायचा, "पेंटर, खाली जागा मोकळी का सोडली?"

"मोकळी न्हाई ती," भूपाल म्हणायचा. "तुझा डोळा कच्चा हाय."

दहा पावलांवर उभं राहून चौदाही अक्षरं वाचली तर कामाला ठेवायचं, नाहीतर चहा पाजून घरी पाठवायचं. अंदाजपंचे दाहोदरसे चालू नये म्हणून त्याने अक्षरंही फसवी निवडली होती. ध आणि घ, म आणि भ, थ आणि य, ष आणि प. रंगावर रंग उठून दिसतो त्याला पेंटर लोक उठाव म्हणतात. भूपालचं म्हणणं असं की ढळढळीत उठाव कुणीही देईल, पिवळ्यावर काळं लिहायला अक्कल लागत नाही. ज्याला कमीत कमी उठाव दिसतो, त्यालाच कुठे किती द्यायचा हे कळतं.

त्याच्या एकुलत्या एका मुलीने, अक्षताने, नऊ वर्षांची असताना ती चौदाही अक्षरं घडाघडा वाचली. भूपालने त्या दिवशी अख्ख्या रस्त्याला पेढे वाटले. "माझ्या पोरीचा डोळा हाय डोळा," असं तो आठ दिवस जाईल तिथे सांगत होता. पुढे तिने त्याच डोळ्याच्या जोरावर काय करून ठेवलं, ते आता ऐका.

अक्षता पुण्यात डिझाइन शिकली आणि 'ठळक' नावाच्या कंपनीत लागली. जिवंत शाई या कंपनीचीच. या शाईत धुळीपेक्षा बारीक कण असतात, एका अंगाने काळे, दुसऱ्या अंगाने पांढरे. खालून विजेचा हलका इशारा मिळाला की ते कूस बदलतात. या शाईने लिहिलेल्या दुकानाच्या पाटीच्या कडेला मोहरीएवढे कॅमेरे बसवलेले असतात. समोरून जाणाऱ्याची नजर अक्षरांवर किती टिकली, एवढंच ते मोजतात. नजर घसरली की अक्षर आणखी काळं होतं, मागचा भाग आणखी लख्ख. पुढच्याची नजर थांबेपर्यंत पाटी स्वतःला अशी ताणत राहते.

आता एका दुकानाने उठाव वाढवल्यावर शेजारचा गप्प बसेल होय? त्याचीही पाटी ताणली गेली. मग समोरच्याची. दोन वर्षांत सगळी बाजारपेठ डोळ्यांत बोटं घालायला लागली. शेवटी उठाव किती असावा याचा नियम करायची वेळ आली, आणि नियमाचं माप ठरवायचं काम अक्षताकडे आलं.

पूर्वी उठाव यंत्राने मोजायचे. अक्षताने सभेत उभं राहून सांगितलं, "यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो." हे वाक्य आप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. तिची योजना साधी होती. दर जानेवारीत हजार साध्या माणसांना बोलवायचं, त्यांना फिकट-गडद अक्षरं दाखवायची. त्यांतल्या साडेनऊशे जणांना ज्या उठावाचं अक्षर सहज वाचता येईल, तेच त्या वर्षाचं माप. नाव ठेवलं 'हजार डोळे'. लोकांना ते फार आवडलं, टाळ्या पडल्या. औषधांची पाकिटं, शाळेची पुस्तकं, रस्त्यावरचे फलक, सगळं त्या मापाने चालायला लागलं. नेत्रतपासणीचे तक्तेसुद्धा. मग लहान मुलांसाठी शाळेचा चष्मा आला. तो मुलं बघतील त्या प्रत्येक गोष्टीच्या कडा गडद करून दाखवायचा. फळ्यावरचं नीट दिसतं म्हणून शिक्षक खूश, पोरगं अभ्यासाला बसतं म्हणून आईबाप खूश.

माप मात्र दर वर्षी थोडं वर सरकत होतं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. हवेत धूर वाढलाय, लोक घाईत असतात, अशी कारणं पैशाला पासरी मिळत होती.

आप्पांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, तेव्हा अक्षता, तिचा नवरा अभिनंदन आणि पाच वर्षांची मिहिका असे तिघं चार दिवसांसाठी जयसिंगपूरला आले. मिहिकाच्या नाकावर शाळेचा चष्मा होता, बालवाडीत गेल्या दिवसापासूनचा. आप्पांनी पहिल्याच सकाळी तो काढून खिशात टाकला आणि नातीला पाटीपासून दहा पावलांवर उभं केलं.

"वाच बघू."

"अ, ळ, झ, क, र, ख." मिहिका थांबली.

"पुढं?"

"पुढे काही नाहीये आजोबा."

अक्षता हसत पुढे आली. "सरक, मी दाखवते," म्हणाली आणि झपाझप वाचत सुटली. ध, घ, म, भ. भ वर ती अडकली. खाली नुसता करडा पत्रा दिसत होता. तिने डोळे किलकिले केले, मान तिरकी केली, तरी तेच.

"रंग उडालाय आप्पा."

"ऑइल पेंट हाय. सावलीत ठेवलाय. उडंल कसा?"

"मग मला का दिसत नाही?"

आप्पा दहा पावलं मागे गेले आणि उभ्या उभ्या चौदाही अक्षरं म्हणाले. शेवटची चार तर एकेक सुटं करून, थ, य, ष, प.

"तुम्हाला पाठ आहेत हो," अक्षता म्हणाली. "पन्नास वर्षं तेच वाचताय."

म्हातारा असा तांबडा झाला की अभिनंदन घाबरून पाणी आणायला धावला. आप्पांना चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. "मला पाठ हाय म्हून दिसतंय म्हणतीस? माझ्या डोळ्याला खोटं पाडतीस?"

अक्षताच्या पिशवीत साबणाच्या वडीएवढं उठाव मोजायचं यंत्र होतं. अक्षरावर टेकवायचं, शेजारच्या करड्यावर टेकवायचं, दोन आकडे बघायचे. अर्ध्या मिनिटात भांडण मिटलं असतं. तिने ते काढलं नाही. पेंटरच्या घरात वाढलेल्या माणसाला अक्षर दिसलं नाही तर तो रंगाला दोष देतो, पत्र्याला देतो, हवेला देतो, पण स्वतःच्या डोळ्याला कधी म्हणून देत नाही. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

आप्पांनी पुढचे दोन दिवस वेगळाच हट्ट धरला. मिहिकाला मांडीवर घेऊन पाटीसमोर बसायचे, प्रत्येक अक्षरावरून तिचं बोट फिरवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "हे बघ, हितं थ हाय. हितं य. नीट बघ पोरी, दिसंल." अ पासून प पर्यंत, परत अ पासून. पोरगी कंटाळून माना डोलवायची.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा जैन बस्तीत दर्शनाला गेले. तेवढ्यात अक्षताने त्यांच्याच डब्यांतला काळा रंग घेतला आणि पाटीवरची अक्षरं उजळून काढली. आप्पांचा हात मोत्यासारखा होता, तिचाही होता. जे दिसत नव्हतं त्याची कड बोटाने चाचपली, आणि एकही वळण चुकलं नाही. तिला मनापासून वाटत होतं की म्हाताऱ्याला याहून चांगली वाढदिवसाची भेट नाही. बापाच्या जुन्या पाटीवर आपला हात फिरतोय म्हणून तिचे डोळे भरूनसुद्धा आले.

आप्पा आले, चप्पल काढली आणि दारातच थबकले.

"बघा, आता मिहिकालाही चौदा दिसतात," अक्षता म्हणाली.

आप्पांनी पाटी वरून खालपर्यंत बघितली. मग खालच्या स्टुलावर बसले. आवाज चढला नाही, तो उलट बसला होता.

"पाटीनं डोळा मोजायचा असतो, अक्षू. तू डोळ्याच्या मापानं पाटीच बेतलीस."

"तुम्हीच म्हणायचा ना, यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो?"

"म्हणायचो. पर माणूस बदलतो गं. म्हून तर पाटी ठिवली व्हती."

म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असं मनाशी म्हणून अक्षता पुण्याला परतली. आप्पा त्याच डिसेंबरात गेले. शेजारच्यांनी फोन केला तेव्हा ती जानेवारीच्या हजार डोळ्यांची यादी करत होती.

मिहिका आठ वर्षांची झाली. हुशार होती, वाचायला तरबेज, गणितात पहिली. रविवारी मात्र घरात चष्मा नसला की पायरीला ठेचकाळायची, पांढऱ्या ताटलीतला भात चाचपडत खायची. वांड आहे, लक्ष नसतं, असं घरात म्हणायचे.

अशाच एका रविवारी तिने आईचं चित्र काढलं. काळे केस, काळे डोळे, लाल टिकली. नाकाखाली कोरा कागद.

"माझं तोंड कुठे गेलं गं?" अक्षताने गमतीने विचारलं.

"तू लिपस्टिक लावतेस तेव्हा असतं," मिहिका म्हणाली आणि दुसरा खडू शोधायला लागली.

अक्षता त्या दिवसापासून घरातही गडद लिपस्टिक लावायला लागली. का, ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. काजळही जाड झालं. "घरात कुणासाठी नटतेस?" असं अभिनंदनने चिडवलं, तेव्हा ती उगाचच त्याच्यावर खेकसली.

मग एका रविवारी तिची मावशी गेल्याचा फोन आला. अक्षता तोंड धुऊन नुकतीच न्हाणीघरातून आली होती. फोन ठेवून खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मिहिका समोर बसून कॅरमची गंमत सांगत होती. राणी कशी पडली, शेजारचा आशिष कसा चिडला. आईच्या तोंडाकडे बघत, हसत हसत सांगत होती. थांबली नाही. अक्षताला हुंदका फुटला, तेव्हा कुठे ती दचकली आणि म्हणाली, "आई, तुला सर्दी झालीये?"

अक्षता मिहिकाला घेऊन माहेराजवळच्या मिरजेत गेली; तिथे डॉक्टर फरझाना मुल्ला मुलांचे डोळे बघायच्या. स्पष्ट बोलणारी बाई. त्यांनी आधी नेहमीच्या तक्त्यावर तपासलं, मग कपाटातून पुठ्ठ्याची करडी कार्डं काढली आणि अर्धा तास एकेक दाखवत बसल्या. मिहिकाला बाहेर मासे बघायला पाठवून त्यांनी दार लोटलं.

"सरकारी तक्त्यावर तुमची मुलगी नॉर्मल आहे. तिची अख्खी शाळा नॉर्मल आहे. तेच तर दुखणं आहे. तो तक्ता दर वर्षी हजार डोळ्यांवरून ठरतो, आणि ते हजार डोळेच मंद होत चाललेत. गज आखडला तरी त्याच गजाने कापड मोजायचं, मग कापड कमी कसं भरेल? ही कार्डं मी जुन्या आकड्यांवरून, यंत्राने मोजून घरी बनवली आहेत. यांतली पहिली सहा-सातच तिला दिसतात."

"पण असं होतंच कसं?"

"वरातीत डीजेशेजारी तासभर उभ्या राहिलात आणि घरी आल्यावर कुणी कुजबुजलं, तर ऐकू येईल? डोळ्याचंही तसंच आहे. डोळा उजेड मोजत नाही, शेजारच्या दोन रंगांतला फरक मोजतो. सगळीकडे मोठेच फरक दिसायला लागले की मेंदू कानांत बोळे घालून बसतो म्हणा ना. बारीक फरक त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. ओठांची कड, गालावरची सुरकुती, डोळ्यातलं पाणी हे सगळं बारीक फरकांतच असतं. मोठ्या माणसांचं ठीक आहे, गोंगाटापासून लांब गेली की चार-सहा महिन्यांत पुष्कळसं परत येतं. पण लहान मुलांची ही वाट अजून बांधली जात असते. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत. त्या काळात जे दिसलंच नाही, त्याची वाट मेंदू बांधत नाही."

 डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "कधीपासून आहे हे? एखादी जुनी खूण आठवते?"

"पाच वर्षांची असताना... माझ्या वडिलांची एक पाटी होती. तिने सहाच अक्षरं वाचली."

"आणि वडिलांनी?"

"चौदा."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्हाला तीन वर्षांपूर्वी कळलं होतं?"

"मला वाटलं रंग उडाला."

"मोजलं नाहीत?"

 अक्षताने नकारार्थी मान हलवली.

"तेव्हा आला असतात तर मी तिला बरी करून हसत हसत घरी पाठवलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "अजून वर्षभर हातात आहे असं धरू. चष्मा बंद, जिवंत शाई बंद. तिला करड्या जगात ठेवा आणि रोज बारीक फरक दाखवा. नवव्या-दहाव्या पायरीपर्यंत गेली, तरी माणसांचे चेहरे तिला मिळतील. नाही गेली, तर पुढे आम्ही काही करू शकणार नाही."

अक्षताने कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं की शाळेचा चष्मा ताबडतोब बंद करा. उत्तर दोन ओळींचं आलं. यंदाच्या पाहणीत हजारपैकी साडेनऊशे जणांना कसलाही त्रास आढळलेला नाही. आपण आखून दिलेली पद्धतच आम्ही पाळत आहोत. तिने राजीनामा दिला. अभिनंदन पुण्यातच राहिला, दर शनिवारी यायचा. "एका डॉक्टरच्या पुठ्ठ्यांवर तू घर मोडतेयस," असं तो पहिल्या महिन्यात म्हणाला. दुसऱ्या महिन्यात म्हणाला नाही.

जयसिंगपूरच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत मायलेकी राहायला आल्या. अक्षताने भिंतींना साधा चुना दिला, सगळ्या डब्यांवरची लेबलं खरवडली. मिहिका पहिले कित्येक दिवस रडत होती. "सगळं पुसून टाकलंय गं," म्हणायची. "माझा चष्मा दे ना. शहाण्यासारखी वागेन मी." काय वाटलं असेल त्या आईला! तिने तो चष्मा स्वतःच्या हाताने विहिरीत टाकला होता.

पहिल्याच आठवड्यात तिने आप्पांची पाटी बाहेर काढली. आपण चढवलेला रंग उतरवायचा आणि खालची जुनी अक्षरं मोकळी करायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. टर्पेंटाइनचा बोळा आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन ती दोन दिवस बसली. वरची अक्षरं सोपी होती. खाली येईल तसं तिला कळेना, हा आपला थर की आप्पांचा. पुसायची, मागे जाऊन बघायची, परत पुसायची. भ च्या खाली तर तिला पुसण्याआधी काळं दिसत होतं आणि पुसल्यावर काहीच दिसत नव्हतं. तिने स्वतःला समजावलं, असेल खाली, आपला डोळा अजून कच्चा आहे.

रोज सकाळी पाटीसमोर बैठक. मग नदीवर जायचं, ढग बघायचे, राख आणि रांगोळी शेजारी ठेवून फरक विचारायचा, पिठाच्या चार परातींतलं ज्वारीचं कुठलं ते ओळखायला लावायचं. मिहिकाच्या हाताला ओळख यायची, डोळ्याला यायची नाही. सहावं अक्षर झालं की ती थांबायची. महिने गेले. अक्षताच्या डोळ्यांना मात्र एकेक गोष्ट परत मिळायला लागली. संध्याकाळी उसाच्या फडावर तरंगणारा धूर. चुन्याच्या भिंतीवर चुन्याचाच फराटा. एक दिवस अकरावा थ दिसला आणि तिला आनंद व्हायच्या ऐवजी रडू कोसळलं, कारण त्याच उजेडात तिला लेकीचा चेहरा पहिल्यांदा इतका बारकाईने दिसला होता. ती लेकीकडे बघून हसत होती, आणि त्या चेहऱ्यावर उत्तर म्हणून काही हलत नव्हतं.

"पोरी, एक तरी पुढचं वाच गं," ती कळवळून म्हणायची. "सातवं. फक्त सातवं."

मिहिका मान खाली घालायची. आईचा आवाज कसा होतो, ते तिला चांगलं कळायचं.

नववा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. सकाळची वेळ होती, शेडचं दार सताड उघडं. मिहिका नेहमीप्रमाणे दहा पावलांवर उभी राहिली.

"अ, ळ, झ, क, र, ख," आणि किंचित थांबून, "ध. घ."

अक्षता हातातलं काम सोडून उठली.

"म. भ. थ." अक्षताला स्वतःला यापुढचं दिसत नव्हतं. मिहिका सरळ पाटीकडे बघत होती. "य. ष. प."

नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणात अक्षता ओरडली नसेल एवढ्या मोठ्याने ओरडली. पोरीला उचलून घेतलं, गरागरा फिरवलं, तिचे पटापट मुके घेतले. "माझ्या पोरीचा डोळा हाय डोळा!" असं आप्पांच्याच बोलीत ती दारात उभी राहून ओरडली, तेव्हा समोरचा सायकलवाला बघतच राहिला. अभिनंदनला फोन केला. तो फोनवर रडला. मग डॉक्टर मुल्लांना. डॉक्टर म्हणाल्या, "एकदम चौदा? फार चांगलं आहे. मला प्रत्येक अक्षराचे आकडे पाठवा, म्हणजे माझ्या कार्डांशी ताडून बघते."

या वेळी अक्षताने यंत्र काढलं. अ वर टेकवलं, करड्यावर टेकवलं, आकडे लिहिले. ळ. झ. फरक पायरीपायरीने उतरत होता, आप्पांचा हिशोब पक्का. भ. थ. मग य.

य आणि करडा यांचा आकडा एकच आला. तिने यंत्र पुसलं, परत टेकवलं. ष ला तोच आकडा. प ला तोच. तिने पत्र्यावरून बोट फिरवलं. वरच्या अक्षरांची कड बोटाला लागत होती. खालच्या तीन जागा गुळगुळीत होत्या, पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत केलेल्या. तिथे अक्षर नव्हतंच. तिनेच कधीतरी पहिल्या आठवड्यात ते पुसून टाकलं होतं, आपलं आणि आप्पांचंही.

 तिने आवाज शक्य तेवढा सरळ ठेवला. "मिहिका, इकडे ये बाळा. इथेच, जवळ उभी राहा. वरून नववं अक्षर कुठलं आहे?"

मिहिकाने पाटीकडे पाहिलं नाही. उजव्या हाताची बोटं मुडपत ती पुटपुटायला लागली, "अ, ळ, झ, क, र..." मग डाव्या हाताची. "ख, ध, घ... म. नववं म."

अक्षता जमिनीवर बसली.

"आजोबा मोठ्याने म्हणायचे ना," मिहिका म्हणाली. "मांडीवर घेऊन. मला सगळी येतात, अजून येतात."

"मग इतके दिवस म्हणाली का नाहीस?"

"दिसलं तर म्हण, असं तू सांगितलं होतंस."

"आणि आज दिसलं?"

मिहिका पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. "आज म्हटलं की तू खूश होशील. तुझा आवाज किती दिवस झाले असा आला नव्हता."

बाहेर बँडवाल्याची गाडी गेली, कुणीतरी टोमॅटोचा भाव विचारत होतं. अक्षताच्या गालांवरून पाणी ओघळून हनुवटीवरून थेंब थेंब पडत होतं. तिने ते पुसलं नाही. तिने मान वर केली आणि पोरीकडे पाहिलं, आणि तिच्या नव्याने शहाण्या झालेल्या डोळ्यांना त्या लहानशा चेहऱ्यावरची प्रत्येक बारीक रेघ स्वच्छ दिसली. भीती, प्रेम, आणि वाट बघणं.

मिहिका जवळ येऊन तिच्या पुढ्यात बसली. दोन्ही हातांनी तिने आईचं तोंड धरलं आणि आंधळं माणूस भांडं चाचपतं तशी ओठांवरून बोटं फिरवली. बोटं ओली झाली तशी थबकली.

"आई, तू हसतेयस की रडतेयस?" तिने विचारलं. "लिपस्टिक लाव ना. कळत नाही गं मला."